पाणकणीस उगवलंय, म्हणजे रान काहीतरी सांगतंय



मार्च लागला की आमच्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात ओढे-नाले साफ करायची बोलणी सुरू होतात. जेसीबी कुणाचा आणायचा, तासाचा दर काय, कुणी किती वर्गणी द्यायची. आणि दर वर्षी एकच गवत शिव्या खातं. पाणकणीस. कुणी रामबाण म्हणतं, कुणी नुसतं 'ते नाल्यातलं कणसाचं गवत' म्हणतं.

आज त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. शिव्या घालायच्या आधी हे झाड काय आहे, कसं जगतं, कुठं उगवतं आणि का, हे आपल्याला माहीत पाहिजे. क्षारपड आणि चिबड जमिनीचा प्रश्न ज्यांच्या दारात आलाय त्यांनी तर नक्की वाचा. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी ओळख

लांबून बघितलं तर नवख्या माणसाला ऊसच वाटतो. सहा ते दहा फूट उंच, गर्द हिरवं, दाट. जवळ गेलं की फरक कळतो. उसाला कांड्या असतात, याला नाहीत. पानं थेट बुडातून दोन रांगांत वर येतात, तलवारीसारखी लांब आणि सपाट. पान हातात घेऊन दाबा, स्पंजासारखं दबतं. कडेला उसाच्या पानासारखी कूस नाही, त्यामुळं हात कापत नाही.

नाल्यात आणखी एक उंच गवत असतं, त्याला आपण नळ किंवा देवनळ म्हणतो. त्याला बांबूसारख्या गाठी असतात आणि वर झुपकेदार तुरा येतो. पाणकणसाला तुरा नसतो. सरळ दांड्यावर तपकिरी, मखमली कणीस असतं, बाजरीच्या कणसासारखं. नीट बघितलं तर त्या दांड्यावर दोन भाग दिसतील. वरचा बारीक भाग नर फुलांचा. त्याचा पिवळा पराग वाऱ्यावर उडून जातो आणि मग तो भाग वाळून झडतो. खालचा जाड तपकिरी भाग मादी फुलांचा, बी तिथं धरतं. आपल्याकडच्या जातीत या दोन भागांच्या मध्ये बोटभर उघडा दांडा दिसतो. शास्त्रात या कुळाला टायफा म्हणतात.

ही वनस्पती परदेशातून आलेली नाही, हे लक्षात ठेवा. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आली, बेशरमही अमेरिकेच्या उष्ण भागातून आली. पाणकणीस मात्र आपल्याच तळ्याकाठचं, नदीच्या डोहातलं, जुनं रहिवासी आहे. ते पूर्वीही होतं, पण आपल्या जागेवर होतं. आता ते पाटाच्या कडेला, उसाच्या सरीच्या शेवटाला, विहिरीच्या मागच्या खोलगटात दिसतंय. झाड तेच आहे, जागा बदललीय. ती जागा कुणी बदलली, हा खरा प्रश्न आहे.

जमिनीखालचा कारभार

पाणकणसाचं खरं अंग वर दिसत नाही. एक गड्डा उपटून बघा. चिखलात आडवं पसरलेलं जाड खोड असतं, हळदीच्या गड्ड्यासारखं, पण जास्त लांब. त्याला ठिकठिकाणी डोळे असतात. प्रत्येक डोळ्यातून नवा फुटवा वर येतो. आत पांढरा पिठूळ गर असतो, म्हणजे स्टार्च. हा त्याचा साठा. वरून कितीही कापा, जाळा, जनावरं घाला, हा साठा शाबूत असेल तर पंधरा दिवसांत परत हिरवं होतं. म्हणूनच हे बहुवर्षायू आहे. वरची पानं वाळतात, पण खालचं जिवंत राहतं आणि दरसाल पसरतं. उसाचा खोडवा आपण तीन-चार वेळा घेतो, याचा खोडवा संपतच नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. पाणकणसाचं पान आडवं कापा आणि उन्हाकडं धरून बघा. आत कप्पे दिसतील, पोकळ, हवेनं भरलेले. या पोकळ्या पानापासून थेट खालच्या खोडापर्यंत जातात. पाण्यानं भरलेल्या चिखलात हवा नसते, म्हणून आपली बहुतेक पिकं तिथं मरतात. मुळं गुदमरतात आणि कुजतात. पाणकणीस मात्र वरून हवा खाली ओढून घेतं. पान वाळलं तरी त्या वाळक्या नळीतून हवा खाली जात राहते. म्हणजे वाळकं पानसुद्धा त्याच्यासाठी कामाचं आहे.

हे नीट ध्यानात ठेवा. त्याला कसं आवरायचं त्याची किल्ली याच गोष्टीत आहे, पुढं सांगतो.

बियांचा हिशेब

एका कणसात बी किती असेल? हजारांत मोजू नका, लाखांत मोजा. प्रत्येक बी धुळीच्या कणाएवढं आणि त्याला केसांचा झुपका. कणीस फुटलं की कापूस उडावा तसं उडतं, कोसभर सहज जातं. म्हणजे आपल्या रानात पाणकणीस नसलं तरी त्याचं बी दर वर्षी येऊन पडतंच. उगवत का नाही? कारण त्याला उगवायला तीन गोष्टी एकत्र लागतात: ओला चिखल किंवा अगदी उथळ पाणी, ऊन, आणि उघडी जागा. दाट गवताच्या सावलीत किंवा कोरड्या मातीत ते उगवत नाही.

आता विचार करा, मार्चमध्ये जेसीबी लावून आपण नाला खरडतो तेव्हा काय करतो? सगळं गवत काढून तळाचा ओला चिखल उघडा करतो. वरून ऊन. म्हणजे पाणकणसाला गादीवाफा तयार करून देतो. शिवाय बकेटच्या दातानं गड्ड्यांचे तुकडे होतात, काही तिथंच राहतात, काही पाण्याबरोबर खाली वाहत जातात. डोळा असलेला प्रत्येक तुकडा म्हणजे हळदीचं बेणं. शेजारच्या एका गावात दोन वर्षांपूर्वी नाला असा लखलखीत केला होता. दिवाळीपर्यंत पहिल्यापेक्षा दाट झाला. पैसे गेले ते गेलेच.

नाला खोलच करू नये असं म्हणत नाही मी. गाळ काढायलाच पाहिजे, नाहीतर पाण्याला वाट राहत नाही. पण नुसतं 'गवत काढण्यासाठी' जेसीबी लावणं म्हणजे ताप उतरायला थर्मामीटर फोडण्यासारखं आहे.

रान काय सांगतंय

पाणकणीस उगवतं तिथं वर्षातले बरेच महिने पाणी जमिनीच्या अगदी जवळ असतं. हे झाड कधी खोटं बोलत नाही. माणूस म्हणेल 'आमच्या रानाला निचरा चांगलाय', पण सरीच्या टोकाला चार पाणकणसं उभी असतील तर मी पाणकणसावर विश्वास ठेवीन.

आमच्या भागात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत उपसा सिंचन आलं, कालवे आले, ऊस आला. पाणी आलं ते चांगलंच झालं, त्यावर घरं उभी राहिली, पोरं शिकली. पण काळ्या जमिनीत पाणी सावकाश झिरपतं. वर्षभर सरी भरभरून पाणी दिलं की खालची पातळी वर येत जाते. ती मुळांच्या जवळ आली की मुळं गुदमरतात. आणखी वर आली की उन्हाळ्यात जमिनीतून पाणी वर ओढलं जातं, वाफ होऊन उडून जातं आणि त्यातला क्षार वर उरतो. यालाच आपण 'मीठ फुटलं' म्हणतो.

म्हणून मी रानात फिरताना दोन खुणा बघतो. जिथं पाणकणीस हिरवंगार आहे तिथं पाणी तुंबलंय. त्याच्या कडेला जिथं पाणकणीससुद्धा खुरटलंय आणि जमिनीवर पांढरा थर दिसतोय, तिथं पाण्याबरोबर क्षारही साठलाय. पाणकणीस बऱ्यापैकी खारं पाणी सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे. जिथं त्यानं हात टेकले तिथं उसाची लागण करणं म्हणजे बेणं वाया घालवणं.

खात्री करायची तर सोपा उपाय आहे. गिरमिटानं सहा-सात फूट खोल भोक पाडा. बारीक भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप त्यात उभा करा, बाजूनं बारीक खडी भरा आणि वरून टोपण लावा. दर पंधरा दिवसांनी टोपण काढून काठीला दोरी बांधून पाण्याची पातळी मोजा आणि वहीत लिहा. पाणी पाच फुटांच्या आत येऊन थांबत असेल तर सावध व्हा. ते फुटा-दोन फुटांवर असेल तर खतावर खर्च करून उपयोग नाही, आधी निचरा बघा.

माती परीक्षणही करा. नुसतं नत्र-स्फुरद-पालाश बघून रिपोर्ट गुंडाळून ठेवू नका. सामू आणि क्षारता बघा. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण झालीय, तिथं जिप्सम लागतं. पण निचऱ्याशिवाय जिप्सम टाकलं तर सुटलेला सोडियम धुऊन जाणार कुठं? तिथंच राहतो. आधी वाट, मग औषध.

आमच्या ओढ्यावरचा वाद

आता खरी गोष्ट. आमच्या वस्तीखालून एक ओढा जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून अठरा घरांची रानं आहेत. वरच्या अंगाला बागायत, ऊस आणि हळद. माझं रान मधल्या पट्ट्यात आहे. खालच्या अंगाला आबांचा तीन एकरांचा तुकडा. आबा आता पंच्याहत्तरीचे आहेत. एके काळी त्या तुकड्यात एकरी पन्नास टनांच्या पुढं ऊस काढलेला माणूस. गेल्या सात-आठ वर्षांत टनेज घसरत घसरत पंधरावर आलं. नंतर त्यांनी लागणच सोडली. मुलगा म्हणतो, विकून टाका. घेणारा भाव पाडून मागतोय, कारण मीठ त्यालाही दिसतंय.

आबांनी कर्ज काढून जमिनीखाली सच्छिद्र पाइपांची निचरा व्यवस्था केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जमिनीत साधारण तीन ते पाच फूट खोल भोकाचे पाइप ठरावीक अंतरावर गाडतात, त्यांचं पाणी एका मोठ्या पाइपात येतं आणि तो पाइप ओढ्यात सोडतात. शिरोळ तालुक्यात सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानं असं मोठं काम झालंय, आणि आपल्याकडं कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातही यावर अभ्यास होतो. पद्धत चांगली आहे. पण आबांच्या पाइपाचं तोंड ज्या ठिकाणी ओढ्यात उघडतं तिथंच पाणकणसाचं जंगल. गड्ड्यांत गाळ अडकलेला, ओढ्याचा तळ वर आलेला, पाइपाचं तोंड पाण्याखाली बुडालेलं. पाणी बाहेर जायच्या ऐवजी आतच तुंबून राहायचं. म्हणजे लाखाचा खर्च गवतानं अडवून धरलेला.

ओढ्याच्या काठावर बसून बैठक झाली. आबा वैतागलेले होते.

"आरं, एकदाच औषध मारून टाकू. दरसाल कोण कापत बसणार? माझं आता वय हाय का ते?"

त्यांचं दुःख खरं होतं, कुणाला उत्तर देता येईना. मी म्हणालो, "आबा, औषध मारलं तर खालच्या वस्तीची विहीर पन्नास पावलांवर आहे. डब्याच्या लेबलवर पाण्याजवळ मारू नका असं लिहिलेलं असतं. आणि गुरं इथंच पाणी पितात."

खालच्या वस्तीवरच्या काकी पण आलेल्या होत्या. त्या सहसा बैठकीत बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "औषध नगं. आणि एक बोलू का? गवत खाली उगवलंय, पर पाणी वरनं आलंय. गवताला किती दिवस बडवणार?"

सगळे गप्प झाले. वरच्या अंगाचे दोघं-तिघं जमिनीकडं बघायला लागले. कारण गोष्ट खरी होती. वरच्या रानात लाइट रात्रीची असते, मोटर चालू करून माणूस झोपतो, सकाळपर्यंत सरीतून पाणी बांधाबाहेर. ते पाणी कुठं जातं? खाली, आबांच्या रानात. पीक वरच्याचं, मीठ खालच्याचं. आपल्याकडं बांध कोरला तर डोकी फुटतात, पण जमिनीखालून शेजाऱ्याच्या रानात सोडलेलं पाणी कुणाला दिसत नाही. पाणकणीस तेवढं दिसतं.

मग काय ठरलं

एक, पाइपाच्या तोंडासमोर वीस-पंचवीस फूट जागेत पाणकणीस मुळासकट काढायचं. तिथं मशीन नको, माणसं लावायची. कुदळीनं गड्डे उपसायचे आणि एकेक तुकडा वेचून काठावर, पाण्यापासून लांब, उन्हात वाळवायचा. चार दिवसांचं काम निघालं. त्या जागेतला गाळ काढून तळ खाली नेला, पाइपाचं तोंड पाण्याच्या वर आणलं आणि त्याला जाळी बसवली.

दोन, बाकीच्या ओढ्यात जिथं पाणी साचलेलं आहे तिथं पाण्याखालून कापायचं. इथं ती किल्ली कामाला येते. पान पाण्याच्या वर कापलं तर उरलेल्या थुटक्यातून हवा खाली जात राहते आणि गड्डा जगतो. पाण्याच्या खाली वितभर कापलं तर त्या पोकळ नळीत पाणी शिरतं, गड्डा गुदमरतो आणि कुजतो. वाळकी पानंही सोडायची नाहीत, तीही पाण्याखालीच कापायची. वेळ साधायची ती कणीस बाहेर पडायला लागतं तेव्हाची, कारण त्या वेळी गड्ड्यातला साठा सगळ्यात कमी असतो. नंतर महिन्या-दीड महिन्यानं जे फुटवे वर येतील ते परत तसेच कापायचे. दोन-तीन वेळा केलं की त्या जागेतला जोर मोडतो. कोरड्या नाल्यात कापून उपयोग होत नाही, आणि जाळून तर अजिबात नाही. जाळल्यानं फक्त वरचं जातं, खालचा साठा तसाच राहतो. आणि वर ज्यांची घरटी आहेत ती बिचारी पाखरं मरतात.

तीन, ओढ्याच्या शेवटाला, आबांच्या पाइपाच्या खालच्या अंगाला, एक पट्टा मुद्दाम ठेवायचा. त्याचं कारण खाली लिहितो.

चार, आणि हे सगळ्यात अवघड, वरच्या अंगाला पाणी कमी करायचं. ज्यांना ठिबक शक्य आहे त्यांनी ठिबक, बाकीच्यांनी एक आड एक सरी पाणी आणि मोटरीला टायमर. पहिल्या वर्षी वरच्या सातजणांपैकी तिघांनी केलं. चौघांनी नाही केलं. हे जसं आहे तसं लिहितोय.

वर्षभरानंतर

आबांच्या रानात दोन नळ्या बसवल्यात. आधी उन्हाळ्यात पाणी दीड फुटावर असायचं. यंदा तेच साडेतीन फुटांवर गेलं. पाइपातून पाणी पडताना आवाज येतो. आबा रोज संध्याकाळी तो ऐकायला जाऊन बसतात. पावसाळ्यात धैंचा टाकला होता, दोन एकरांत कमरेएवढा आला, फुलोऱ्यात गाडला. उरलेल्या एकरात ठिगळं पडली, तिथं अजून पांढरं दिसतं. ऊस अजून लावलेला नाही आणि यंदाही लावू नये असं माझं मत आहे. आधी दोन पावसाळे क्षार धुऊन जाऊ दे. जमीन बिघडायला वीस वर्षं लागली, सुधारायला थोडा वेळ लागणारच.

विक्रीचं बोलणं सध्या थांबलंय. थांबलंय एवढंच म्हणतो, मिटलंय म्हणत नाही. वरच्या चौघांचं पाणी चालूच आहे.

तो पट्टा का ठेवला

बऱ्याच जणांनी विचारलं, मेहनत करून काढलं आणि परत खाली का ठेवलं? सगळं साफ का नाही केलं?

पाणकणसाचे गड्डे आणि मुळं काठाची माती धरून ठेवतात. पुराच्या पाण्याचा जोर या गवतात मोडतो आणि गाळ तिथंच बसतो. आमच्या ओढ्यात वरच्या रानांतला युरिया, शेणाचं पाणी, वस्तीचं सांडपाणी, सगळंच येतं. पाणकणीस त्यातलं नत्र-स्फुरद ओढून घेतं. त्याच्या मुळांभोवती जी हवा पोचते तिच्यावर जिवाणू जगतात आणि घाण कुजवतात. नागपूरच्या नीरी संस्थेनं सांडपाणी शुद्ध करायची 'फायटोरिड' नावाची पद्धत काढली, तिच्यात अशाच दलदलीतल्या वनस्पती खडीच्या वाफ्यात लावतात. आपल्या ग्रामपंचायतीच्या गटारीच्या शेवटाला असा वाफा करायला काय हरकत आहे? रोप फुकट, रान फुकट. फक्त वेळच्या वेळी कापून बाहेर काढलं पाहिजे. कापलं नाही तर ते तिथंच कुजतं आणि ओढलेलं नत्र परत पाण्यात जातं.

आणि हो, पाखरं. जांभळी पाणकोंबडी, साधी पाणकोंबडी, खंड्या, सुगरणीच्या भाऊबंदांपैकी काही, यांचं घर तिथं आहे. धामण असते, ती उंदीर खाते. उसात उंदीर किती नुकसान करतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

काही जण सांगतात की पाणकणीस पाणी पितं, त्यामुळं चिबड जमीन आपोआप सुकते, राहू द्यावं. हे अर्धंच खरं आहे. ते पानांतून भरपूर पाणी उडवतं, पण फक्त पाणी उडतं, क्षार मागं राहतो. शिवाय गड्डे वाट अडवतात. म्हणून रानात आणि निचऱ्याच्या वाटेत त्याला जागा नाही. ओढ्याच्या शेवटाला, तळ्याच्या काठाला, सांडपाण्याच्या वाफ्यात त्याला जागा आहे.

कापलेल्याचं काय करायचं

कणीस फुटायच्या आधी कापलेली पानं वाळवून हळदीच्या किंवा भाजीच्या वाफ्यावर आच्छादन म्हणून चालतात. कंपोस्टात घाला, पण गड्डे घालू नका, डोळे जगतात. पूर्वी याच्या पानांच्या चटया विणायचे, छपरावर टाकायचे. जगात इतर ठिकाणी तर हे खातातसुद्धा. इराकच्या दक्षिणेकडच्या दलदलीत याच्या पिवळ्या परागाची मिठाई करतात. पण आपल्या सांडपाण्याच्या ओढ्यातलं कुणी तोंडात घालू नका आणि जनावरांनाही घालू नका. ते घाणीतले जड धातूही ओढून घेतं.

शेततळं असणाऱ्यांसाठी दोन ओळी

अस्तर नसलेल्या शेततळ्यात पाणकणीस कडेच्या उथळ पाण्यात आधी येतं. साधारण चार-पाच फुटांपेक्षा खोल पाण्यात त्याचा सहसा जम बसत नाही. म्हणून काठ उभट ठेवा, गाळ साठू देऊ नका, आणि पहिली चार रोपं दिसली की त्याच आठवड्यात हातानं उपटा. पहिल्या वर्षी चार असतात. तिसऱ्या वर्षी जेसीबीवाल्याचा नंबर शोधावा लागतो.

शेवटी एवढंच सांगतो. या उन्हाळ्यात जेसीबीला फोन करायच्या आधी एक चक्कर मारा. पाणकणीस कुठं कुठं उभं आहे त्याचा कागदावर नकाशा काढा. त्याच्या वर कुणाचं रान आहे, पाणी कुठून येतंय, जायची वाट कुठं अडलीय ते लिहा. एक नळी बसवा आणि मोजायला लागा. मग ज्याच्या रानातून पाणी येतंय त्याच्याकडं चहाला जा, भांडायला नको. आकडा हातात असला की बोलणं सोपं जातं. आमच्या वरच्या अंगाच्या तिघांना आबांच्या नळीतलं पाणी प्रत्यक्ष दाखवलं, तेव्हाच ते टायमर बसवायला तयार झाले. उरलेल्या चौघांना या मे महिन्यात घेऊन जाणार आहे.

तुमच्याकडं याला काय म्हणतात आणि तुमच्या रानात ते कुठं उगवतं, ते लिहा. फोटो असेल तर टाका.

राम राम.